नळ आला की गाणं का अडकतं? घरच्या वायफाय स्पीकरची दुरुस्ती

आधी लक्षण सांगतो. घर लातूरचं. पुढच्या खोलीत राऊटर, मागं स्वयंपाकघराला लागून देवघर आणि देवघराच्या फडताळात वायफाय स्पीकर. पहाटे साडेपाचला अण्णांची भजनं सुरू होतात. पाच-सात मिनिटं सुरळीत चालतात. मग आवाज तुटतो, दोन सेकंद शांतता, परत सुरू, परत तुटतो. कधी कधी स्पीकर अ‍ॅपमधून गायबच होतो. अण्णा आतून ओरडतात, "अरे, हे सारखं अडकायलंय बघ." मी डोळे चोळत उठतो, राऊटर बंद-चालू करतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

सव्वा वर्षात हा दोष मी चार वेळा 'कायमचा' दुरुस्त केला. दरवेळी कारण वेगळं निघालं, आणि त्यातल्या एका दुरुस्तीनंच पुढचा बिघाड जन्माला घातला. म्हणून ज्या क्रमानं माझी फजिती झाली त्याच क्रमानं लिहितो. तुमच्या घरी चारपैकी एखादं तरी लागू पडेल.

पहिली चूक सगळ्यांचीच असते, माझीही होती. गाणं अडकलं की आपण म्हणतो, नेट स्लो आहे. केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, ४० चा प्लॅन आहे तुमचा, १०० चा घ्या." घेतला. पैसे वाढले, भजन तिथंच अडकलं. नंतर हिशेब केला तेव्हा स्वतःचंच हसू आलं. चांगल्या प्रतीचं गाणं सेकंदाला ३२० किलोबिट मागतं. सीडीच्या दर्जाचा, अजिबात न दाबलेला आवाज १,४११ किलोबिट मागतो, म्हणजे दीड एमबीपीएसही (सेकंदाला मेगाबिट) नाही. ४० एमबीपीएसमध्ये तसली पंचवीस गाणी एका वेळी वाजतील. गाण्याला वेग फार लागत नाही, सातत्य लागतं. स्पीकरच्या पोटात काही सेकंदांचा साठा असतो. तेवढा वेळ पुरवठा तुटला की आवाज तुटणार, मग बाहेर १०० चा पाइप असो की ५०० चा.

गाणं कोणत्या वाटेनं येतंय

दुरुस्तीला हात घालण्याआधी हे एकदा नक्की करा, नाहीतर चुकीच्या जागी खणत बसाल. गाणं सुरू करा आणि फोन चक्क बंद करून टाका. गाणं वाजतच राहिलं, तर स्पीकर ते स्वतः इंटरनेटवरून ओढतोय, फोन नुसता रिमोट होता. 'कास्ट' करून लावलेलं बहुतेक असं चालतं, स्पॉटिफाय कनेक्टही. फोन बंद होताच थोड्या वेळात गाणं थांबलं, तर गाणं फोनमधून जातंय: ब्लूटूथनं, एअरप्लेनं किंवा फोनमध्ये साठवलेल्या फाइलीतून.

फोनमधून जात असेल आणि स्क्रीन बंद झाल्यावर काही मिनिटांनी हमखास अडकत असेल, तर राऊटरकडं बघूही नका. बरेच अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागं चालणारं अ‍ॅप झोपवतात. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपच्या बॅटरीवरचं बंधन काढून टाका. माझ्या मेव्हण्याचा सहा महिन्यांचा त्रास या एका बटनानं गेला. त्यानं तोवर नवा स्पीकर घेतला होता ही गोष्ट वेगळी.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात: घरगुती उपकरणांत ते साधारण दहा मीटरपर्यंत धड चालतं, मध्ये भिंत आली की त्याहून कमी. ते वायफायच्याच २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदाला १,६०० वेळा जागा बदलत बोलतं, म्हणून गर्दीत तग धरतं. पण त्याची ताकद मुळात कमी. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि स्पीकर समोर, एवढ्यानंही आवाज तुटतो, कारण मध्ये तुमचं शरीर येतं आणि शरीर म्हणजे बहुतांशी पाणी. हे पाणी लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमचा स्पीकर स्वतः गाणं ओढणारा. म्हणजे वाट दोन टप्प्यांची: बाहेरून राऊटरपर्यंत तार, राऊटरपासून स्पीकरपर्यंत हवा. खोट कोणत्या टप्प्यात आहे ते बघायला लॅपटॉप स्पीकरच्या शेजारी, त्याच फडताळात ठेवा आणि कमांडच्या दोन खिडक्यांत दोन पिंग (म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, उत्तर किती वेळात आलं ते दाखवणारी) सोडून द्या, एक राऊटरच्या पत्त्याला (बहुधा १९२.१६८.१.१, राऊटरच्या खालच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो), दुसरा ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला. विंडोजवर पिंगच्या मागं '-t' (उणे टी) जोडलं की तो थांबवेपर्यंत चालतो. गाणं अडकलं की बघा. राऊटरचं उत्तर दोन-पाच-दहा मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं येत नाही, तर दोष बाहेरचा, खुशाल केबलवाल्याशी भांडा. राऊटरचंच उत्तर पाचशे-सातशेवर गेलं किंवा येईनासं झालं, तर दोष घरातल्या हवेत आहे. आमचा घरातला निघाला. केबलवाल्याची माफी मागावी असं वाटलं, पण १०० चा प्लॅन आठवला आणि राहू दिलं.

वही

पिंगपेक्षाही कामी आली ती दहा रुपयांची वही. टीव्हीखाली ठेवली आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं, गाणं अडकलं की वार, वेळ आणि त्या वेळी घरात काय चाललं होतं ते लिहा. कारण वारंवार येणाऱ्या दोषाला वेळापत्रक असतं. दुपारी अडकणारं गाणं आणि पहाटे अडकणारं गाणं हे दोन वेगळे रोग आहेत, ते एकाच औषधानं जात नाहीत. आठवडाभरात वहीत तीन ढीग पडले: भर दुपार, लाईट जाऊन आल्यावर, आणि संध्याकाळी सात ते नऊ. पुढं पहाटेच्या नोंदी वाढत गेल्या, त्या मात्र कशातच बसेनात.

भर दुपारी

हे सोपं होतं. केबलवाल्यानं फायबर जिथून घरात घेतलं तिथंच, म्हणजे पुढच्या खोलीच्या माळ्यावर, राऊटर ठेवून दिला होता. वर पत्रे. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं बाहेरचा पारा बेचाळीसवर जातो, मग पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल? राऊटरला हात लावला तर चहाच्या कपासारखा गरम. तापला की तो मंदावतो, लटकतो किंवा स्वतःच बंद होऊन चालू होतो. माळ्यावरून काढला आणि टीव्हीशेजारच्या स्टुलावर आणून ठेवला. जमिनीपासून अडीच फूट. दुपारचा त्रास त्याच दिवशी संपला.

हे अडीच फूट विसरू नका.

जाता जाता: राऊटरवर कपडा, फुलांची परडी, सेटटॉप बॉक्स असलं काही ठेवू नका. आमच्या राऊटरवर विणलेलं झाकण होतं. मामींनी दिलेलं. ते आता मिक्सरवर आहे.

लाईट जाऊन आल्यावर

डीपी उडाली, तासाभरानं लाईट आली, आणि स्पीकर अ‍ॅपमध्ये दिसेना. याची उकल करायला मला सर्वांत जास्त दिवस लागले, कारण एकात एक अशा तीन भानगडी होत्या.

एक, स्पीकर अर्ध्या मिनिटात जागा होतो, फायबरच्या डब्याला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. स्पीकर उठतो, वायफाय शोधतो, सापडत नाही, आणि काही स्पीकर कंटाळून शोधायचेच थांबतात. दोन, राऊटर नव्यानं पत्ते वाटतो. स्पीकरचा कालचा पत्ता आज फोनला मिळाला, की अ‍ॅप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. तीन, राऊटरचा चॅनेल, म्हणजे पट्ट्यातली तो ज्या जागेवर बोलतो ती, 'ऑटो'वर असेल तर तो चालू होताना आजूबाजूचं ऐकून मोकळी जागा निवडतो. पण लाईट आल्यावर गल्लीतले सगळे राऊटर एकदमच उठतात. त्या क्षणी कुणाला कुणाचा आवाज नाही, सगळंच मोकळं दिसतं, आणि तीन-चार जण एकाच पाटावर बसतात.

इलाज असे केले. राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. घेताना आपल्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवूनच घ्या, काही राऊटर नऊ व्होल्टचे असतात. घरात इन्व्हर्टर असला तरी हा लावावा असं माझं मत झालंय, कारण बदलाबदलीच्या त्या क्षणात काही इन्व्हर्टरवर राऊटर झटका खाऊन नव्यानं सुरू होतो. मग राऊटरच्या पानावर जाऊन स्पीकरचा पत्ता कायमचा राखून ठेवला. 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' अशा नावाखाली ती सोय असते. आणि चॅनेल ऑटोवरून काढून हातानं ठरवला.

अ‍ॅडॉप्टरही तपासा. दोन-तीन उन्हाळे आणि व्होल्टेजची चढउतार खाल्लेला अ‍ॅडॉप्टर आतून थकतो. आमच्या शेजाऱ्यांकडं कूलर सुरू झाला की राऊटरचे सगळे दिवे क्षणभर विझायचे. मोटर सुरू होताना दाब खाली यायचा आणि थकलेल्या अ‍ॅडॉप्टरला तेवढंही सोसायचं नाही. अ‍ॅडॉप्टर बदलला, संपलं. तोवर त्यांनी कूलरवाल्याला दोनदा बोलावलं होतं.

संध्याकाळी सात ते नऊ

घराघरांत मालिका, मोबाइल, पोरांचे व्हिडिओ. वायफाय तपासायचं एखादं फुकटचं अ‍ॅप घेऊन देवघरात उभा राहिलो, तर चौदा राऊटर दिसले. त्यातले नऊ चॅनेल ६ वर, आमचाही तिथंच. २.४ च्या पट्ट्यात आकडे १ ते १३ दिसले तरी एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. मधला ३ किंवा ८ घेतला तर शेजारी मोकळा होत नाही, उलट दोन्हीकडचा गोंगाट आपल्याला ऐकावा लागतो. मी ११ घेतला आणि चॅनेलची रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झवर आणली. वेगाचा आकडा खाली आला, गाणं स्थिर झालं.

५ गीगाहर्ट्झ, म्हणजे वायफायचा दुसरा पट्टा, का नाही, असं विचाराल. तिथं जागा भरपूर आहे, शहरातल्या फ्लॅटमध्ये स्पीकर आणि राऊटर एकाच हॉलमध्ये असतील तर डोळे मिटून तेच घ्या. पण ती लहर भिंतीपुढं लवकर हात टेकते. आमच्या पुढच्या खोलीच्या भिंती जुन्या, दोन फुटी, काळ्या दगडाच्या. मागचा भाग ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पाडून सिमेंटमध्ये बांधला, आणि त्या भूकंपानंतर आमच्याकडं सळई घालताना कुणी हात आखडता घेत नाही. दगड आणि लोखंडाची जाळी, दोन्ही वायफायची वैरी. घरात २.४ चालतं तेसुद्धा पुढच्या खोलीचं दार, मधला बोळ आणि देवघराचं दार एका रेषेत आहेत म्हणून. लहर दारातून वाट काढत जाते.

पहाटेचं कोडं

आता उरली पहाट. साडेपाचला गल्ली झोपलेली, राऊटर गार, लाईट आहे, चॅनेल मोकळा. तरीही काही पहाटे गाणं दर मिनिटाला तुटायचं आणि काही पहाटे अक्षरशः काही नाही. पिंग घेतला तर दोष हवेतलाच. मी स्पीकर फॅक्टरी रिसेट केला, राऊटरचं सॉफ्टवेअर नवं टाकलं, बाराशे रुपयांचा रिपीटर आणून देवघरात लावला. रिपीटरनं तर हाल वाढले. जिथं सिग्नल मुळातच मरतुकडा पोचतो तिथं रिपीटर लावला तर तो मरतुकडाच पुढं देणार. शिवाय साधा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, म्हणजे निम्मा वेळ ऐकण्यात जातो. तो लावायचाच तर अर्ध्या वाटेवर, जिथं सिग्नल अजून धडधाकट आहे तिथं. अर्ध्या वाटेवर आमच्याकडं बोळ होता, आणि बोळात दुसरंच काहीतरी उभं होतं.

वही आईनं वाचली. चष्मा लावून, भाजी निवडता निवडता. म्हणाली, "हे तर सगळे नळाचे दिवस हायत."

आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही रात्री. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ती 'जलदूत' गाडी साऱ्या देशानं टीव्हीवर बघितली. तेव्हापासून घरात एकही भांडं रिकामं ठेवायचं नाही ही आईची शिस्त. बोळात भिंतीला लागून निळ्या प्लॅस्टिकची दोनशे लिटरची पाच टिपाडं आहेत, खाली फूटभर दगड रचून त्यावर उभी, म्हणजे काठ साधारण चार फुटांवर. राऊटर अडीच फुटांवर. फडताळातला स्पीकर तीन फुटांवर. दोघांमधली सरळ रेषा पाचही टिपाडांच्या पोटातून जात होती.

प्लॅस्टिक वायफायला अडवत नाही, रिकामं टिपाड म्हणजे त्याच्यासाठी जवळपास हवाच. भरलेलं टिपाड म्हणजे भिंत, आणि दगडापेक्षा वाईट भिंत. २.४ गीगाहर्ट्झची लहर पाण्यात शिरली की काही सेंटिमीटरांतच जवळजवळ सगळी जिरते, आणि टिपाडाची जाडी दीड-पावणेदोन फूट. बरेच जण सांगतात की २.४ ही पाण्याची 'खास' वारंवारता आहे, म्हणून मायक्रोवेव्ह ओव्हन तीच वापरतो. ती दंतकथा आहे. वारंवारता वाढेल तसं इथं पाणी आणखी जास्त खातं, त्यामुळं ५ गीगाहर्ट्झची टिपाडासमोर याहून वाईट गत होते.

आणि मग 'राऊटर बंद-चालू केलं की चार दिवस बरं चालतं' याचाही उलगडा झाला. नळ आल्यावर टिपाडं काठोकाठ. रोज अंघोळी, धुणं-भांडी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पाण्याची पातळी त्या रेषेच्या खाली जायची आणि गाणं आपोआप सुरळीत व्हायचं. मी श्रेय राऊटरच्या बटनाला देत होतो. श्रेय अंघोळींचं होतं.

खात्री करायला पुढच्या नळाच्या रात्री मोजमाप घेतलं. टिपाडं भरण्याआधी देवघरात सिग्नल उणे ६२ होता, भरल्यावर उणे ७९. हा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलच्या ताकदीच्या मापात, असतो आणि उणे असल्यामुळं चिन्हापुढची संख्या लहान असेल तितका चांगला. गाण्यासाठी मी उणे ६७ पर्यंत निर्धास्त असतो, पंचाहत्तरच्या पलीकडं गेलं की भरवसा नाही. मग टिपाडं भरलेलीच असताना राऊटर हातात धरून स्टुलावर चढलो, डोक्याच्या वर धरला. उणे ६४. रात्री साडेअकराला मी राऊटर डोक्यावर घेऊन उभा आणि आई आतून आकडे वाचतेय. शेजारच्यांनी दिवा लावून बघितलं.

पुढं काय ते सरळ होतं. पुढच्या खोलीच्या दारासमोरच्या भिंतीवर, सात फुटांवर, लाकडी फळी ठोकली. माळ्याच्या बरंच खाली आणि पत्र्यापासून लांब, त्यामुळं तापत नाही. टिपाडांच्या काठाच्या तीन फूट वर, त्यामुळं लहर वरून जाते. स्पीकरही फडताळाच्या वरच्या खणात सरकवला, समईपासून हातभर दूर. रिपीटर मामांना औश्याला देऊन टाकला.

तुमच्याकडं टिपाडं नसतील, पण पाणी कुठंतरी भरून ठेवलेलं असेलच: भिंतीपलीकडचा हौद, न्हाणीवरची पाचशे लिटरची टाकी, मार्चमध्ये खिडकीत बसणारा आणि पत्र्याचं अंग व पोटात पाणी अशा दोन्ही बाजूंनी वायफायला नडणारा कूलर. 'उन्हाळा लागला की अडकतं' अशी तक्रार असेल तर आधी कूलर कुठं आहे ते बघा. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा हे पुढचे संशयित. राऊटर उंच करून भागत नसेल तर राऊटरपासून मागच्या खोलीपर्यंत एक लॅनची तार ओढा आणि तिथं जुना राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेतून आलेलं नेट वायफायनं वाटायला, लावा. शंभर मीटरपर्यंत तारेला काही होत नाही, आणि तिला ना पाण्याचं वावडं ना दगडाचं. मी ओढली नाही, कारण बोळात खिळे ठोकायला आईनं परवानगी दिली नाही.

फळी ठोकल्यानंतरच्या पहिल्या नळाला पहाटे मी मुद्दाम जागा राहिलो. भजन सलग चाळीस मिनिटं चाललं. अण्णा देवघरातून बाहेर आले आणि काळजीनं म्हणाले, "रात्री नळ आला नाही व्हय?"

एक राहिलंय. स्वयंपाकघरात आईचा छोटा ब्लूटूथ स्पीकर आहे, फोन ओट्याच्या टोकाला चार्जिंगला. ती भरलेला हंडा घेऊन मधून गेली की दर खेपेला गाणं एक उचकी देतं. फोन दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला की हेही जाईल, पण तिथं तिचा चटणीचा डबा असतो, आणि तो हलवायचं मी काढलेलं नाही.